ठासणीची बंदूक सर्वांत शेवटी घ्या: अमेरिकेतील नवशिक्यांसाठी

माझी उंची पाच फूट एक इंच आहे. मी विकत घेतलेल्या पहिल्या ठासणीच्या बंदुकीची नळी ४४ इंचांची होती आणि दस्त्यासह तिची लांबी जवळजवळ पाच फूट भरत होती. अशी बंदूक जमिनीवर उभी केली की नळीचे तोंड थेट माझ्या नाकासमोर येई. त्याच तोंडातून दारू ओतायची, त्याच तोंडातून गोळी आत ठासायची आणि तरीही चेहरा त्याच्या रेषेत येऊ द्यायचा नाही, हे मला कधीच जमले नसते. बंदूक दिसायला देखणी होती आणि जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याने ती माझ्या गळ्यात घातली. पण दोष त्याच्यापेक्षा माझाच अधिक होता, कारण मी या छंदाची सुरुवात शेवटच्या पायरीपासून केली होती. तोटा सोसून ती विकल्यावर योग्य क्रम हळूहळू उमगला. तोच क्रम पुढे दिला आहे.

प्रथम विषयाची मर्यादा सांगते. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात, विशेषतः लँकेस्टर आणि त्याच्या आसपास, जर्मन आणि स्विस वंशाच्या कारागिरांनी लांब नळीची, आतून पीळ असलेली आणि चकमकीने पेटणारी बंदूक विकसित केली. सरहद्दीवर राहणारी माणसे ती बंदूक, दारूचे शिंग आणि चामड्याची पिशवी घेऊन रानात फिरत. आज अमेरिकेत हजारो लोक या वस्तू स्वतःच्या हातांनी घडवतात आणि त्या बंदुकांनी निशाणेबाजी करतात. हा लेख त्यांच्यात सामील होऊ पाहणाऱ्या मराठी माणसासाठी आहे. एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडते, ती म्हणजे या विद्येची भाषा मराठीत आधीपासूनच आहे. रंजक (आतली दारू पेटवण्यासाठी बाहेर घालायची चिमूटभर दारू), कान (ती आग आत नेणारे नळीच्या बाजूचे छिद्र), गज (गोळी ठासायची काठी), घोडा (चाप ओढताच आपटणारा, चकमक धरणारा भाग), बार हे शब्द आपल्याकडे पूर्वापार चालत आले आहेत. ‘फुसका बार’ हा शब्दप्रयोग मी जन्मभर करत होते. रंजक भप्पकन पेटून बंदूक मात्र गप्प राहिली, त्या दिवशी त्याचा अर्थ प्रथम डोळ्यांनी पाहिला.

पायरी १: कायदा आणि कागदपत्रे

अमेरिकेच्या फेडरल कायद्याच्या व्याख्येनुसार, जी बंदूक नळीच्या तोंडातून भरली जाते, काळ्या दारूवर (जुन्या पद्धतीच्या बंदुकीच्या दारूवर) चालते आणि तयार काडतूस घेऊ शकत नाही, ती सर्वसाधारणपणे पुरातन शस्त्रांत गणली जाते. एवढे वाक्य वाचून पुष्कळ जण खूश होतात आणि तिथेच फसतात. राज्यांचे कायदे वेगळे आहेत. आपली मराठी वस्ती मोठ्या प्रमाणावर असलेल्या न्यू जर्सीत नियम बरेच कडक आहेत आणि नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात आले की चित्र बदलते. आपण एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर बंदूक किंवा दारू ताब्यात घेण्यापूर्वी इमिग्रेशनचे काम करणाऱ्या वकिलाला लेखी प्रश्न विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. क्लबातील मित्राचे ‘काही होत नाही’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण त्या मित्राचा व्हिसा पणाला लागलेला नसतो.

जवळ ठेवायचे कागद असे:

- राज्याचे ओळखपत्र आणि इमिग्रेशनच्या स्थितीचा पुरावा
- राज्याच्या नियमांची ताजी छापील प्रत
- क्लबाचे सदस्यत्व आणि रेंजच्या (नेमबाजीच्या मैदानाच्या) सुरक्षा-वर्गाचे प्रमाणपत्र, असल्यास
- घर भाड्याचे असेल तर करारनामा. दारू किंवा शस्त्र ठेवण्यास मनाई करणारे कलम त्यात असू शकते
- शिकार करायची असेल तर त्याचा वेगळा परवाना

मी शिकार करत नाही, त्यामुळे शेवटच्या कागदाविषयी अधिक लिहीत नाही. पेनसिल्व्हेनियात १९७४ साली चकमकीच्या बंदुकीसाठी हरणाच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम सुरू झाला आणि या राज्यात ही बंदूक इतकी रुजण्याचे ते एक मोठे कारण आहे, एवढे मात्र ठाऊक असावे.

आणखी दोन सूचना येथेच देते. काळी दारू विमानातून नेता येत नाही, हातातल्या सामानातही नाही आणि चेक-इन केलेल्या सामानातही नाही. भारतात ठासणीच्या बंदुकीलाही शस्त्र परवाना लागतो. त्यामुळे गावी दाखवायला म्हणून ती सोबत नेण्याचा विचार मनात आणू नका.

पायरी २: रिकाम्या हाताने क्लबात जा

ठासणीच्या बंदुकांची राष्ट्रीय संघटना १९३३ साली स्थापन झाली. तिचे मैदान इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप नावाच्या खेड्यात आहे आणि तिथे जून व सप्टेंबरमध्ये मोठ्या स्पर्धा भरतात. पण सुरुवातीला इतक्या लांब जाण्याची गरज नाही. आपल्या काउंटीतील नेमबाजी क्लबात ठासणीवाल्यांचा एखादा रविवार असतो. त्या दिवशी डोळ्यांचा चष्मा आणि कानांचे संरक्षण एवढेच घेऊन जा, मागे उभे राहून पाहा आणि विचारा. बहुतेक ठिकाणी कोणीतरी सत्तरीचे आजोबा आपली बंदूक हातात देऊन स्वतः शेजारी उभे राहतात. तीन-चार रविवारांत किमान तीन वेगवेगळ्या बंदुका खांद्याला लावून पाहा. आपला बलवान डोळा (नेम धरताना ज्यावर आपण आपोआप विसंबतो तो) कोणता, दस्त्याची लांबी किती हवी, किती वजन पेलवते, हे तिथेच कळते. माझा डावा डोळा बलवान आहे हे मला चाळिसाव्या वर्षी, तेही बंदूक विकत घेऊन झाल्यावर कळले.

याच काळात आपला कालखंड ठरवा. रॉकी पर्वतातील फर व्यापाऱ्यांचे वार्षिक मेळावे १८२५ ते १८४० या काळात भरत. त्यांच्या धर्तीवर आज जे मेळावे होतात, त्यांत १८४० नंतरची दिसणारी वस्तू सहसा चालत नाही. मी १७७० च्या सुमाराचे पेनसिल्व्हेनिया निवडले, कारण ते माझ्या घरापासून तासाभरावर आहे आणि संग्रहालयांत खऱ्या वस्तू पाहता येतात. कालखंड न ठरवता खरेदी करणाऱ्याच्या घरी थोड्याच दिवसांत एकमेकींशी न जुळणाऱ्या वस्तूंचा ढीग होतो.

पायरी ३: दारूचे शिंग बनवा

पहिली हस्तकला म्हणून मी शिंगच सुचवीन. खर्च कमी असतो, हत्यारे घरातली चालतात आणि चूक झाली तर फक्त एक शिंग वाया जाते. मी फोनवर हे सांगितले तेव्हा आई म्हणाली, “अगं, दारू ती दारू, आणि वर शिंगात भरून गळ्यात अडकवायची?” कोणती दारू ते समजावेपर्यंत कॉल संपला. गाईगुरांचे शिंग वापरणे ज्यांना मनाला पटत नाही, त्यांनी तांब्याची किंवा पत्र्याची दारूदाणी घ्यावी. तीही ऐतिहासिक आहे आणि रेंजवर तिला कोणी नावे ठेवत नाही.

लागणारी हत्यारे: बारीक दातांची करवत, कानस, हातड्रिल, लवचीक तार, खरवडण्यासाठी पोलादी पट्टी, पाइनच्या लाकडाचा तुकडा, मधमाशीचे मेण, धुळीचा मास्क. मास्क टाळू नका. कानस लागताच शिंगाला केस जळल्यासारखा वास येतो आणि त्याची बारीक भुकटी छातीत जाते.

वळणावरून मोजून बारा ते चौदा इंचांचे, फिकट रंगाचे शिंग निवडा. ते कमरेच्या ज्या बाजूला लटकवणार त्या बाजूला लावून पाहा. वळण अंगाला बिलगले पाहिजे, बाहेर डोकावता कामा नये. शिंग बुडाकडे पोकळ आणि टोकाकडे भरीव असते. तार आत सरकवा, ती अडेल तिथे बोटाने धरा, बाहेर काढून शिंगाच्या अंगावर तशीच ठेवा आणि पेन्सिलीने खूण करा. त्या खुणेपासून पुढचा भाग भरीव. आता टोक थोडे कापून तिथून पाव इंचापेक्षा बारीक भोक पोकळीच्या दिशेने पाडायचे आहे. सगळा कस याच ठिकाणी लागतो, कारण शिंग वाकडे असते आणि ड्रिल सरळच जाते. माझ्या पहिल्या शिंगात ड्रिल बाजूने बाहेर आले आणि शिंगाची बासरी झाली. दुसऱ्या वेळी मी शिंग शिकंजात धरून वरून आणि बाजूने अशा दोन्ही अंगांनी खडूची रेघ आखली, दर थोड्या वेळाने थांबून दोन्ही रेघांवरून डोळा फिरवला आणि काम सुखरूप पार पडले.

बुडाचे तोंड बहुधा अंडाकृती असते. ते उकळत्या पाण्यात धरले की मऊ पडते. मग लाकडी शंकू आत दाबून बसवायचा आणि तसेच गार होऊ द्यायचे. गोल झालेल्या तोंडात पाऊण इंच जाडीचे पाइनचे बूच नेमके बसेपर्यंत तासायचे, कडेला मेण लावायचे आणि बाजूने लाकडी खुंट्या ठोकायच्या. लोखंडी खिळे वापरू नका. टोकाला कठीण लाकडाची गुडदी हवी. जुन्या व्हायोलिनची खुंटी यासाठी फार छान चालते.

नंतरचे काम केवळ खरवडण्याचे आहे, आणि मला ते सर्वांत आवडते. पोलादी पट्टीखालून नखासारख्या पातळ चकत्या निघत राहतात आणि शिंग हळूहळू मधाच्या रंगाचे, अर्धपारदर्शक होते. खिडकीच्या उजेडासमोर धरल्यावर आत किती दारू उरली ते बाहेरून दिसले की थांबायचे. सुईच्या टोकाने कोरून त्यात शाई चोळली की नक्षी उठते. फ्रेंच आणि इंडियन युद्धाच्या काळात, म्हणजे १७५४ ते १७६३ मध्ये, सैनिकांनी नद्या, रस्ते आणि किल्ले दाखवणारे नकाशे शिंगांवर कोरले. अशी शिंगे संग्रहालयांत आहेत. मी माझ्या शिंगावर सिंहगड कोरला. क्लबातले आजोबा अजूनही विचारतात, की हा डेलावेअर नदीवरचा कुठला किल्ला?

शेवटी शिंगाचे बूड पाण्यात बुडवून टोकाने फुंका. बुडबुडे आले तर पुन्हा मेण लावा. नंतर दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्या आणि मगच त्यात दारू भरा.

पायरी ४: पिशवी आणि तिच्यातले सामान

साधारण सात बाय आठ इंचांची चामड्याची पिशवी पुरते. आरीने भोके पाडून मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याने उलट्या बाजूने शिवा, मग चामडे ओले करून सुलटे करा. नवशिके पिशवी मोठी करतात आणि मग ती भरतात. गोळ्या, चिंध्या, मापटे, गोळी नळीत लोटण्याचा आखूड दांडका, जादा चकमक आणि कान साफ करण्याची तार यांहून अधिक काही नको. त्या तारेला मी कानकोरणे म्हणते.

चिंधी म्हणजे गोळीभोवती गुंडाळायचा कापडाचा तुकडा. तो शंभर टक्के सुती आणि घट्ट विणीचाच हवा. मी एकदा घरातल्या उशीच्या अभ्र्याच्या चिंध्या कापल्या. कापड मिश्र धाग्याचे निघाले, नळीत वितळले आणि ते खरवडण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या कापडाचा एक धागा घराबाहेर जाळून पाहते. राख झाली तर सुती, थेंब झाला तर परत दुकानात.

पायरी ५: आता बंदूक, तीही किटमधून

पहिल्या बंदुकीसाठी तयार भागांचे किट घ्या. नळी, तिच्या मागच्या टोकाला कारखान्यातच बसवलेला ब्रीच प्लग, लॉक (घोडा आणि रंजकाची वाटी असलेली, बार पेटवणारी यंत्रणा), चाप आणि ढोबळ कोरलेला मेपलचा दस्ता त्यात असतो. ब्रीच प्लगला हात लावू नका. बाराचा सगळा दाब त्याच्यावर येतो आणि ते काम छंदिष्टाचे नाही. कानाचे छिद्रही अनुभवी बंदूक-कारागिराकडूनच पाडून घ्या. आपल्या वाट्याला उरते ते लाकडाचे आणि कानशीचे काम, आणि मला तेवढ्यालाच सात महिने लागले.

लॉक दस्त्याच्या खाचेत केसाचीही फट न राहता बसवायचे असते. त्यासाठी धातूला काळा रंग लावून तो खाचेत दाबतात. लाकडावर जिथे काळा डाग उठतो तिथेच लाकूड जास्त आहे असे समजायचे. बाजारात यासाठी डबी मिळते. मी देवघरातल्या निरांजनावर वाटी धरून काजळी जमवली आणि त्यात तेलाचा एक थेंब घातला. दाबा, उचला, डागापुरता पापुद्रा पटाशीने काढा, पुन्हा काजळी लावा. एका संध्याकाळी असे चाळीस-पन्नास वेळा होते. लाकूड सरसकट खोदून मोकळे होणे हा इथला नेहमीचा सापळा आहे. काढलेले लाकूड परत येत नाही आणि लॉक जन्मभर खुळखुळते.

अखेरीस दस्त्याला जवसाच्या तेलाचे पातळ हात देतात. त्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेटू शकतो. त्या घराबाहेर एकेक करून पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा.

बंदूक पूर्ण झाली की पहिल्या बारापूर्वी कारागिराकडून तपासून घ्या. तिच्या किमतीपुढे ते शुल्क क्षुल्लक आहे.

पायरी ६: रेंजवर भरणे आणि उडवणे

फक्त खरी काळी दारू वापरा. सोरा, कोळसा आणि गंधक यांचे ७५, १५ आणि १० असे तिचे पारंपरिक प्रमाण आहे आणि ती कारखान्यात तयार झालेलीच घ्यायची. आधुनिक काडतुसांतली धूरविरहित पावडर चिमूटभरही नळीत गेली तर नळी फुटू शकते. काळ्या दारूला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरी चकमकीने नीट पेटत नाहीत, त्यामुळे आपल्याला त्यांचाही उपयोग नाही. एक पौंडाचा डबा पुरेसा होतो: पौंडात ७००० ग्रेन असतात, आणि बाराला ६० ग्रेन धरले तर शंभराहून अधिक बार निघतात. दारू मूळ डब्यातच, उन्हापासून, ठिणगीपासून आणि मुलांपासून दूर ठेवा. तापलेल्या गाडीत विसरू नका.

.५० कॅलिबरच्या (म्हणजे आतून अर्धा इंच व्यासाच्या) नळीला .४९० इंचाची शिशाची गोळी आणि .०१५ इंच जाडीची तेल लावलेली चिंधी ही रूढ जोडी आहे. नळीच्या उत्पादकाने दिलेली मर्यादा मात्र आधी वाचा. रेंजवरचा क्रम असा:

1. गज आत सोडून नळी रिकामी असल्याची खात्री करा. गजावर दोन खुणा हव्यात, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या नळीची.
2. दारू शिंगातून मापट्यात घ्या, शिंगाची गुडदी लावा, मग मापट्यातून नळीत ओता. शिंगातून थेट नळीत कधीही ओतू नका. मागच्या बाराची ठिणगी आत धुमसत असेल तर हातात पाव पौंडाचा बाँब असतो.
3. चिंधी आणि गोळी दांडक्याने आत लोटा आणि गजाने तळापर्यंत न्या. गज नळीच्या तोंडाजवळ, वीतभर अंतरावर धरा. टोकाला धरून जोर लावला की तो मोडतो आणि तळहातात घुसतो.
4. भरल्याची खूण नळीच्या तोंडाशी आली का ते पाहा. गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी राहिली तर नळीला धोका असतो.
5. नेमबाजीच्या रेषेवर गेल्यानंतरच घोडा अर्धा चढवून लॉकवरच्या वाटीत रंजक घाला, तेही चिमूटभर. कान रंजकाखाली गाडला गेला तर ते वातीसारखे सावकाश जळते आणि बार उशिरा निघतो.
6. घोडा पूर्ण चढवा, नेम धरा, चाप ओढा आणि त्यानंतरही क्षणभर हलू नका.

बार निघाला नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून पूर्ण मिनिट थांबा. मग कानकोरण्याने कान साफ करून नवे रंजक घाला. दारू न घालताच गोळी ठासली, असा प्रसंग प्रत्येकावर एकदा येतो. त्यासाठी क्लबात वायूच्या दाबाने गोळी बाहेर काढण्याचे साधन असते, ते मागताना लाजू नका. दोन बारांच्या मध्ये ओलसर चिंधी नळीतून फिरवा. नळीत तोंडाने फुंकण्याची जुनी सवय काही आजोबांना अजून आहे, ती उचलू नका. शिशामुळे हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नये, हे वेगळे सांगायला नको.

पायरी ७: त्याच दिवशी सफाई

काळ्या दारूच्या जळक्या काजळीत क्षार असतात आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतात. रविवारी संध्याकाळी कंटाळा केला तर बुधवारपर्यंत नळीत गंज दिसतो. बंदूक रिकामी असल्याची गजाने पुन्हा खात्री करा, लॉक काढा आणि साध्या कोमट पाण्यात भिजवलेल्या चिंध्या नळीतून फिरवा. उकळते पाणी वापरले की धातू वाळता वाळताच त्यावर तांबूस गंज चढतो, हे मी करून पाहिले आहे. चिंधी पांढरी बाहेर आली की कोरड्या चिंध्या, मग पातळ तेल. दुसऱ्या दिवशी एक कोरडी पांढरी चिंधी पुन्हा फिरवा. तिच्यावर तपकिरी छटा असेल तर आदल्या दिवशीचे काम पहिल्यापासून पुन्हा करा.